धंद्यातला माणूस बेसबॉल चालवायला गेला, की काय होतं?

पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मी घरगुती वापराच्या वस्तूंच्या कंपनीत विभागीय विक्रीप्रमुख आहे. वय अडतीस. पत्नीच्या नोकरीमुळे पुढच्या वर्षी अमेरिकेला जायचं ठरतंय. पीटर यूबेरॉथ यांच्याविषयी वाचलं. प्रवासी कंपनी उभी करणारा हा माणूस बेसबॉलचा कमिशनर, म्हणजे मुख्य प्रशासक, झाला आणि तोट्यातला खेळ त्याने नफ्यात आणला. क्लबांचे मालक भावनेच्या भरात पैसा उधळतात, धंद्यातला शिस्तीचा माणूस आला की घडी बसते, असं मला वाटतं. मी कधी बॅट धरलेली नाही. मला या क्षेत्रात जागा आहे का? आणि धंद्याचा अनुभव तिथे खरंच उपयोगी पडतो का?"

जागा आहे, अनुभवही उपयोगी पडतो. पण शिस्तीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, तिथे थांबायला हवं. यूबेरॉथ यांनाही नेमकं तेच वाटत होतं, आणि त्यापायी बेसबॉलने पुढे फार मोठी किंमत मोजली. तेव्हा आधी त्यांची गोष्ट नीट पाहू, मग तुमच्याकडे वळू.

मी कोणत्या बाजूने बोलतेय तेही सांगते. मी मूळची सीए. अमेरिकेत आल्यावर लेखापरीक्षणाचं काम केलं, नंतर बरीच वर्षं मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीखालच्या, क्लबांचे हिशेब आणि अंदाजपत्रकं सांभाळली. आता क्लबच्या मालकांना व्यवस्थापक निवडायला मदत करते. त्यामुळे धंद्यातून खेळात येऊ पाहणारी माणसं मला नेहमी भेटतात. मैदानावरच्या डावपेचांविषयी मी अधिकाराने बोलणार नाही. पैशांविषयी आणि करारांविषयी बोलू शकते.

यूबेरॉथ यांचा जन्म १९३७ चा, इलिनॉयमधला. शिक्षण कॅलिफोर्नियात सॅन होजे स्टेटमध्ये. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रवासाच्या आरक्षणाचा छोटा व्यवसाय सुरू केला आणि तो इतका वाढवला, की १९८० मध्ये विकला तेव्हा 'फर्स्ट ट्रॅव्हल' ही उत्तर अमेरिकेतली अमेरिकन एक्सप्रेसच्या खालोखालची प्रवासी कंपनी गणली जात होती. तोवर त्यांच्यावर लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकची जबाबदारी आलेली होती. मॉन्ट्रियल शहर १९७६ च्या ऑलिंपिकमुळे कर्जात बुडालं होतं, त्यामुळे लॉस एंजेलिसच्या नागरिकांनी सरकारी पैसा द्यायला साफ नकार दिला होता. यूबेरॉथ यांनी जुनीच मैदानं वापरली, प्रायोजकांची संख्या मुद्दाम कमी ठेवली म्हणजे प्रत्येकाकडून जास्त पैसे मागता आले, आणि प्रक्षेपणाचे हक्क एबीसीला २२.५ कोटी डॉलर्सना विकले. शेवटी २० कोटी डॉलर्सहून अधिक शिल्लक राहिली. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीचा 'मॅन ऑफ द इयर' हा मान त्यांना दिला.

बेसबॉलच्या मालकांनी त्यांना कमिशनर नेमलं ते या कर्तबगारीवर. १ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली. येण्याआधी त्यांनी अटी घातल्या, आणि धंद्यातून येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. कमिशनरला क्लबला जास्तीत जास्त ५ हजार डॉलर्स दंड करता येत असे, ती मर्यादा त्यांनी अडीच लाखांवर नेऊन घेतली. अधिकार नसलेली खुर्ची त्यांनी स्वीकारलीच नाही. नोकरीसाठी मुलाखत देणारे फार लोक पगारावर घासाघीस करतात आणि अधिकाराबद्दल अवाक्षर काढत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी उलटं करायला सांगते.

सुरुवातीची त्यांची कामं पाहिली तर हा माणूस किती चपळ होता ते कळतं. कॅसिनोंची जाहिरातीची कामं घेतली म्हणून आधीच्या कमिशनरने विली मेज आणि मिकी मँटल या दोन महान खेळाडूंना बेसबॉलमधून दूर ठेवलं होतं. यूबेरॉथ यांनी मार्च १९८५ मध्ये दोघांना परत आणलं. ऑगस्ट १९८५ मध्ये खेळाडूंचा संप झाला, तो दोन दिवसांत मिटला. चारच वर्षांपूर्वी, १९८१ मध्ये, संपाने निम्मा उन्हाळा गिळला होता, हे आठवलं की या दोन दिवसांचं महत्त्व कळतं. त्याच शरद ऋतूत पिट्सबर्गच्या न्यायालयात खेळाडूंच्या कोकेनच्या व्यसनाचं प्रकरण उघड्यावर आलं. त्यांनी अकरा खेळाडूंवर निलंबनाची कारवाई केली, पण पगाराचा काही भाग व्यसनमुक्तीच्या कामाला देणं, चाचण्यांना तयार असणं आणि समाजसेवेचे तास भरणं या अटींवर त्यांना खेळू दिलं. राष्ट्रीय पातळीवरचे प्रायोजकही त्यांनीच पद्धतशीरपणे आणले. ऑलिंपिकमधला धडा इथे सरळ लागू पडला.

आता तुमच्या 'तोट्यातला खेळ' या शब्दांकडे येते, कारण तिथे माझा धंदा येतो.

त्या काळात बहुसंख्य क्लब तोटा दाखवत होते. १९८५ च्या वाटाघाटींच्या वेळी यूबेरॉथ यांनी मालकांना हिशेबाची पुस्तकं उघडायला लावली, ही हिमतीची गोष्ट होती. खेळाडूंच्या संघटनेने ती पुस्तकं अर्थतज्ज्ञ रॉजर नॉल यांच्याकडून तपासून घेतली. त्यांचा निष्कर्ष मालकांच्या दाव्यापेक्षा अगदी वेगळा निघाला. दोन्ही बाजूंच्या आकडेमोडीत चूक नसतानाही असं होऊ शकतं. अमेरिकेत क्लब विकत घेणारा मालक खेळाडूंच्या करारांची किंमत मालमत्तेसारखी धरून त्यावर घसारा लावू शकतो. ही युक्ती बिल व्हेक या जुन्या क्लबमालकाने काढली. तिजोरीतून एक डॉलर बाहेर जात नाही, पण ताळेबंदात तोटा उभा राहतो. शिवाय मालकाचीच टीव्ही वाहिनी असेल तर तिने क्लबला प्रक्षेपणाचे किती पैसे द्यायचे ते मालकच ठरवणार. टोरंटो ब्लू जेजचे पॉल बीस्टन स्वतः चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी एकदा उघडपणे सांगितलं होतं, की चाळीस लाखांच्या नफ्याचा मी वीस लाखांचा तोटा करून दाखवीन आणि त्यावर देशातली प्रत्येक मोठी लेखापरीक्षण संस्था सही करील. मी क्लबांची जी पुस्तकं पाहिली आहेत, त्यांवरून या बोलण्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. तेव्हा एखादा क्लब तोट्यात आहे असं कोणी सांगितलं, तर घसाऱ्याआधीचा आकडा विचारा आणि प्रक्षेपणाचा करार कोणाशी आहे ते विचारा.

यूबेरॉथ यांनी तोट्याचं कारण शोधलं ते मालकांच्या स्वभावात. १९७५ च्या अखेरीस लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने खेळाडूंना करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली. असा मोकळा झालेला खेळाडू म्हणजे 'फ्री एजंट'. मेजर लीगचा सरासरी पगार १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर्स होता, तो १९८५ पर्यंत ३ लाख ७० हजारांच्या आसपास गेला. मालक एकमेकांवर चढाओढ करून बोली लावत. यूबेरॉथ यांनी बैठकीत त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांचा दाखला नंतर प्रसिद्ध झाला, तो असा: समजा, तुमच्यासमोर दोन बटणं आहेत. लाल दाबलं तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, जिंकाल, पण एक कोटी डॉलर्स गमवाल. काळं दाबलं तर चाळीस लाख कमवाल, संघ मात्र मधेच कुठेतरी राहील. अडचण अशी, की तुमच्यापैकी बहुतेक जण लालच दाबतील.

धंद्याच्या दृष्टीने या बोलण्यात खोट काढता येत नाही. तुम्ही विक्रीप्रमुख म्हणून हेच सांगितलं असतं, मीही हिशेबनीस म्हणून मान डोलावली असती.

पुढे काय झालं ते पाहा. १९८५ चा हंगाम संपल्यावर पस्तीसएक फ्री एजंट बाजारात आले. संघ बदलला फक्त चौघांनी, आणि तेही असे, की त्यांच्या जुन्या क्लबांना ते नकोच होते. डेट्रॉइटचा कर्क गिब्सन हा त्या वेळचा नावाजलेला फलंदाज, त्यालाही बाहेरून बोली आली नाही. सगळ्या क्लबांनी एकाच वेळी हात आखडता घेतला. पुढच्या वर्षी तर कहर झाला. आंद्रे डॉसनचे गुडघे मॉन्ट्रियलच्या कृत्रिम हिरवळीवर खेळून दुखावले होते, त्याला शिकागोच्या खऱ्या गवतावर खेळायचं होतं. कोणीच बोली लावेना, तेव्हा त्याने शिकागो कब्जना सही केलेला कोरा करार दिला आणि म्हटलं, आकडा तुम्ही भरा. त्यांनी ५ लाख डॉलर्स भरले, म्हणजे त्याच्या आधीच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. त्या हंगामात डॉसनने ४९ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि नॅशनल लीग या मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ शेवटच्या स्थानावर होता, तरीही.

हे संगनमत होतं, आणि बेसबॉलमध्ये ते निषिद्ध होतं. कशामुळे, हे बारकाईने समजून घ्या, कारण बाहेरून येणारा माणूस इथेच ठेच खातो. मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला तेव्हा सूट होती, १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. एखादा कंपनी वकील हे बघून म्हणेल, काळजीचं कारण नाही. पण क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार असतो, आणि त्यात एक कलम होतं: खेळाडूंनी आपसात संगनमत करायचं नाही आणि क्लबांनीही करायचं नाही. या कलमाचा मूळ आग्रह मालकांचाच. १९६६ मध्ये सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायसडेल या लॉस एंजेलिस डॉजर्स क्लबच्या दोन गोलंदाजांनी एकत्र येऊन पगारासाठी अडून बसायचं ठरवलं होतं. ते पुन्हा घडू नये म्हणून मालकांना हे कलम हवं होतं. संघटनेने म्हटलं, ठीक आहे, पण ते दोन्ही बाजूंना लागू राहील. वीस वर्षांनी मालक त्यातच सापडले.

आपल्याकडच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, कारण आयपीएलमध्ये प्रत्येक फ्रँचायझीने किती खर्च करायचा ते मंडळ आधीच ठरवतं. २०२५ च्या मोठ्या लिलावात ती मर्यादा १२० कोटी रुपये होती. तिथे सगळ्यांचा हात एकाच वेळी आखडलेला असणं हाच नियम आहे. पण मालकांशी सामूहिक करार करणारी सक्रिय खेळाडूंची संघटना आपल्याकडे नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये ती आहे आणि ती फार मजबूत आहे. पगाराला मर्यादा घालायची असेल तर तिच्याशी समोरासमोर बसून, काहीतरी देऊन ती मिळवावी लागते. आजही तिथे पगाराची कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या क्लबला कर भरावा लागतो, तोसुद्धा संघटनेच्या संमतीने ठरलेला.

पहिल्या वर्षाच्या प्रकरणात लवाद टॉमस रॉबर्ट्स यांनी सप्टेंबर १९८७ मध्ये क्लबांना दोषी ठरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रकरणांत जॉर्ज निकोलाऊ यांनी तसाच निर्णय दिला. तिसऱ्या प्रकरणात तर क्लबांनी बोली एकमेकांना कळाव्यात म्हणून माहितीची सामायिक नोंदच ठेवली होती. १९९० च्या अखेरीस तडजोड झाली ती २८ कोटी डॉलर्सची. क्लब होते २६, म्हणजे प्रत्येकी १ कोटीहून अधिक. लाल बटण दाबल्यावर जेवढं जाणार होतं, त्यापेक्षाही जास्त गेलं, आणि वर्ल्ड सिरीज मिळाली नाही. गिब्सनला पहिल्या निकालामुळे पुन्हा मोकळीक मिळाली. तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात दुखऱ्या पायांनी मारलेल्या त्याच्या होमरनने सामना फिरला. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी तो फटका टीव्हीवर पाहिला असणार.

पैशांपेक्षा मोठं नुकसान विश्वासाचं झालं. डोनाल्ड फेअर यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने मालकांच्या शब्दावर भरवसा ठेवायचं सोडून दिलं. १९९४ मध्ये मालकांनी पगाराच्या मर्यादेचा आग्रह धरला तेव्हा संप झाला, आणि १९०४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज रद्द झाली. या संपाची कारणं अनेक आहेत, सगळा दोष यूबेरॉथ यांच्या माथी मारणं न्यायाचं नाही. लवादांचा ठपकाही क्लबांवर होता. पण वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या खेळाडूंच्या मनात आधीची ती तीन वर्षं होती, एवढं निश्चित.

प्रक्षेपणाच्या हक्कांतही काहीसं असंच घडलं. पद सोडण्याआधी यूबेरॉथ यांनी सीबीएसशी चार वर्षांचा एक अब्ज डॉलर्सहून मोठा करार केला, ईएसपीएनशी ४० कोटींचा. विक्रेता म्हणून ही कामगिरी अचाट होती. पण सीबीएसचं त्यात प्रचंड नुकसान झालं, आणि १९९४ साठी मोठ्या वाहिन्यांशी जो नवा करार झाला, त्यात खात्रीची रक्कमच राहिली नाही. तुम्ही विक्रीत आहात. वितरकाच्या गळ्यात माल मारून मार्चअखेरचं लक्ष्य गाठलं की एप्रिलमध्ये काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मार्च १९८९ अखेर ते पायउतार झाले. मालक खूश होते, जवळपास सगळे क्लब नफा दाखवत होते. पुढेही त्यांनी कामं केली, अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. माणूस कर्तबगारच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावरून माझं मत असं झालं आहे: धंद्यातली शिस्त आपल्या क्लबच्या चार भिंतींच्या आत उत्तम काम करते. पण जी शिस्त समोरच्या क्लबनेही पाळली तरच टिकणार असते, ती शिस्त राहत नाही, संगनमत होतं. साध्या धंद्यात शेजारचं हॉटेल बंद पडलं तर आपला गल्ला वाढतो. बोस्टन रेड सॉक्स बंद पडले तर न्यू यॉर्क यांकीज खेळणार कोणाशी? इथे प्रतिस्पर्धी हाच भागीदार असतो, आणि तिसरा भागीदार म्हणजे खेळाडू. हे तिहेरी नातं ज्याला उमगत नाही, त्याला कितीही मोठी कंपनी चालवल्याचा अनुभव असो, मी त्याची शिफारस करत नाही.

चार भिंतींच्या आतली शिस्त कशी असते, त्यासाठी अँड्र्यू फ्रीडमन यांच्याकडे पाहा. ते 'बेअर स्टर्न्स'मध्ये विश्लेषक होते, नंतर खासगी गुंतवणुकीच्या एका कंपनीत. 'गोल्डमन सॅक्स'मधून आलेल्या स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांनी टँपा बेचा क्लब घेतला आणि २००५ च्या हंगामानंतर अठ्ठावीस वर्षांच्या फ्रीडमनच्या हाती संघबांधणी सोपवली. क्लबची अवस्था वाईट होती. २००७ मध्ये ६६ विजय आणि तळाचं स्थान. २००८ मध्ये ९७ विजय आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल. पगाराचं अंदाजपत्रक ४.४ कोटी डॉलर्सच्या आसपास, त्याच गटातल्या यांकीजचं २० कोटींच्या वर. इव्हान लाँगोरिया या नवख्या खेळाडूशी त्यांनी एप्रिल २००८ मध्ये सहा वर्षांचा १.७५ कोटींचा करार केला, मेजर लीगमधल्या पदार्पणानंतर आठवड्याच्या आत. क्लबने जोखीम घेतली, खेळाडूला आयुष्यभराची निश्चिती मिळाली. इतर क्लबांनी काय करावं याच्याशी या कराराचा काही संबंध नव्हता. फ्रीडमन २०१४ मध्ये डॉजर्सकडे गेले, तिथे पैसा भरपूर होता, आणि २०२०, २०२४ व २०२५ च्या वर्ल्ड सिरीज जिंकल्या. पैसा नसताना जो माणूस नीट वागला, तो असतानाही नीट वागला.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टँपाला फ्रीडमनसोबत गेरी हनसिकर यांना आणलं गेलं. हे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे माजी जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणी सांभाळणारे अधिकारी, खेळात मुरलेले. अठ्ठावीस वर्षांच्या आर्थिक विश्लेषकाशेजारी असा माणूस बसवणं, ही त्या मालकाची सगळ्यात शहाणी खरेदी होती असं मी मानते. माझ्याकडे एखादा मालक बाहेरचा माणूस घ्यायचा म्हणून आला, तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, की त्याच्याशेजारी कोण बसणार? उत्तर नसेल तर मी ती नेमणूक पुढे ढकलायला सांगते.

जेफ लनाऊ यांची वाट सुरुवातीला अशीच होती. 'मॅकिन्सी'चे सल्लागार, मग सेंट लुईस कार्डिनल्स, २०११ च्या शेवटी ह्यूस्टनचे जनरल मॅनेजर. २०१३ मध्ये १११ पराभव सोसून त्यांनी संघ मुळापासून बांधला आणि २०१७ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या हंगामात संघ कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा (पुढचा चेंडू कसा टाकायचा याचे इशारे) चोरत होता हे नंतर सिद्ध झालं. जानेवारी २०२० मध्ये लीगने लनाऊ यांना वर्षभर निलंबित केलं आणि क्लबने त्याच दिवशी काढून टाकलं. आपल्याला माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. लीगचं म्हणणं होतं, की तिथलं वातावरण ही त्यांची जबाबदारी होती. फक्त निकाल मोजणाऱ्या कार्यालयात माणसं वाईट बातमी वर पोचवत नाहीत, हे तुम्ही विक्रीतही पाहिलं असेल.

न खेळलेल्या माणसाला जागा आहे का, याचं उत्तर देताना फरहान झैदी यांचं नाव घ्यावं लागेल. पाकिस्तानी कुटुंबातले, कॅनडात जन्मलेले, फिलिपीन्समध्ये वाढलेले. 'बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप'मध्ये काम केलं, बर्कलीला अर्थशास्त्रात डॉक्टरेट. २००५ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सला विश्लेषक म्हणून लागले, तिथून डॉजर्सचे जनरल मॅनेजर आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या संघबांधणीचे प्रमुख. पण ते आले तळाच्या पायरीवर, तरुण वयात. मालकीच्या वाटेने यायचं तर मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांचं उदाहरण आहे. सॉफ्टवेअरमध्ये कंपनी उभारून ते सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल क्लबचे प्रमुख मालक झाले, आणि २०२२ मध्ये त्याच गावच्या रिव्हर कॅट्स या मायनर लीग बेसबॉल क्लबची बहुतांश मालकी किंग्जकडे आली. २०२५ पासून त्या छोट्या मैदानावर मेजर लीगचा अ‍ॅथलेटिक्स संघ खेळतोय. ती वाट अर्थातच फार थोड्यांची.

आता तुमच्यासाठी. बेसबॉल क्लबात दोन वेगळी खाती असतात. एक संघबांधणीचं, दुसरं धंद्याचं: तिकिटं, जाहिराती, खानपान, मैदान. अडतिसाव्या वर्षी, विक्रीची पार्श्वभूमी घेऊन पहिल्या खात्यात शिरणं जवळपास अशक्य आहे. तिथे आता संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग येणारी बाविशीतली मुलं रांगेत उभी आहेत. दुसऱ्या खात्यात तुमच्यासारख्याची खरी गरज असते, आणि सर्वांत जास्त ती मायनर लीगमध्ये. २०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगशी जोडलेले १२० क्लब उरले आहेत. तिथे खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार मेजर लीगचा क्लब देतो. म्हणजे ज्या संघबांधणीची तुम्हाला भीती वाटते, ती तुमच्या हातात नसतेच. आज गोलंदाजी करणारा मुलगा उद्या वरच्या संघात उचलला जाईल आणि तुम्ही काही करू शकणार नाही. तुमच्या हातात काय, तर एप्रिल ते सप्टेंबर घरच्या मैदानावरचे ६६ ते ७५ सामने, आणि उरलेल्या दिवसांत रिकामं पडणारं मैदान. शाळा, चर्च, कारखाने यांना गटाने तिकिटं विकणं, गावच्या दुकानदारांकडून कुंपणावरच्या जाहिराती मिळवणं, पावसाने सामना वाहून गेला तर त्या प्रेक्षकाला पुन्हा आणणं. तालुक्याच्या वितरकांशी ज्याने संबंध सांभाळले आहेत, त्याला हे काम परकं वाटणार नाही.

पगार तुमच्या आत्ताच्या दर्जाच्या मानाने बराच कमी असेल, सुरुवातीला तर खूपच. सामन्याच्या दिवशी दुपारी सुरू झालेलं काम रात्री उशिरा संपतं. पाऊस आला की विक्रीचे, हिशेबाचे सगळेच लोक मैदानावर ताडपत्री ओढायला धावतात, आणि तिथे पदाचा विचार कोणी करत नाही. घरी लहान मुलं असतील तर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तुम्ही घरी नसाल, हे पत्नीशी आधी बोलून घ्या.

बाकी बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. सगळ्यात आधी पत्नीचा व्हिसा कोणता ते पाहा. त्या एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, येत असतील तर एल-२ वरच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते. एच-१बी असेल तर एच-४ वर तुम्हाला लगेच काम करता येणार नाही. त्यांचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचल्यावरच परवानगीसाठी अर्ज करता येतो. हे नियम बदलत राहतात, निघण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. दुसरं म्हणजे तुम्ही राहायला कुठे जाताय. न्यू जर्सीहून आणि आयोवातल्या छोट्या गावाहून वाटा वेगळ्या असतात, आणि माझ्या अनुभवात छोट्या गावात शिरकाव लवकर होतो.

तोपर्यंत पुण्यात बसून करण्यासारखं आहे. मेजर लीग बेसबॉलने २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं, शाळांमध्ये खेळ नेण्याचं काम त्यांच्याकडून चालतं. त्यांच्या उपक्रमांत काही करता आलं तर तुमच्या अर्जात लिहायला ठोस काहीतरी होईल. सामूहिक करार खुला दस्तऐवज आहे, तो वाचा. निदान फ्री एजंट, लवाद आणि संगनमत यांची कलमं तरी. विक्रीतल्या माणसाने ती वाचली आहेत हे मुलाखतीत दिसलं, तर मी स्वतः त्या अर्जावर खूण करते.

अर्ज पाठवायला हंगाम संपल्यानंतरचे, सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने बरे. त्या वेळी क्लब पुढच्या वर्षाची माणसं घेतात, आणि डिसेंबरातल्या विंटर मीटिंग्जना सगळा धंदा एका जागी जमलेला असतो. अर्जात यूबेरॉथ यांचं नाव घालू नका. तुमच्या विभागात किती दुकानं होती, हातातून निसटलेलं एखादं दुकान तुम्ही परत कसं मिळवलं, ते लिहा. व्हिसाचं कळलं आणि गाव ठरलं की इथेच कळवा. त्या भागातले कोणते क्लब माणसं घडवण्यासाठी ओळखले जातात, ते मी सांगेन.